कमी ऐकू येणारे ज्येष्ठ आणि कॅज्युअल्टी: तिथे बोलणं व्हायचं कसं?

ओसरी

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, सिस्टर बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कमी ऐकू येणाऱ्यांची संख्या चांगलीच आहे. काहींकडे श्रवणयंत्र आहे, त्यातल्याही अर्ध्या जणांचं कपाटात. मध्यंतरी संघातले एक काका बाथरूममध्ये घसरून पडले. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यातल्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) नेलं, यंत्र राहिलं बेसिनपाशी. तिथे "कधी पडलात?" विचारल्यावर काका म्हणाले, "हो, जेवण झालंय." पुढच्या दोन-तीन प्रश्नांचीही अशीच उत्तरं. केसपेपरवर लिहिलं गेलं, रुग्ण गोंधळलेला आहे. काका रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात हो! मुलगा पोचल्यावर उलगडा झाला, तोवर बराच वेळ गेला होता.

संघातर्फे सभासदांना देण्यासाठी अर्ध्या पानाचा मजकूर करायचा विचार आहे. घरच्यांनी काय करावं, दवाखान्यातल्यांना काय सांगावं, असं. अनुभव असलेल्यांनी लिहा. "वेळेवर यंत्र घ्यावं" हे माहीत आहे, ते सोडून.

सिस्टर_नाइट_ड्युटी

बरं केलंत हा विषय काढलात. कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा सुचेल तसं लिहिते.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे "हो हो". आजी-आजोबांना ऐकू आलं नाही तरी ते मान हलवतात. समोरचा डॉक्टर घाईत दिसतो, त्याला पुन्हा विचारायला लावायचा संकोच वाटतो. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" मान हलते. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" पुन्हा मान हलते. ती मान हो म्हणते की नाही, देव जाणे. म्हणून हो-नाहीचा प्रश्नच विचारायचा नाही. "कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा", "सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या ते सांगा", असं विचारलं की पेशंटला ऐकू आलंय की नाही हे लगेच कळतं. आपण काही सांगितलं असेल तर "मी आत्ता काय सांगितलं, तुमच्या शब्दांत सांगा बघू" म्हणायचं. यात कमीपणा वाटू देऊ नये, ना त्यांना ना आपल्याला.

दुसरं म्हणजे कान आधी बघा. ही थट्टा नाही. थंडीत कानटोपी, त्यावर मफलर, आणि काढलं तर आत तेलात बुडवलेला कापसाचा बोळा! गावाकडून आलेल्या आजींच्या कानात तर हमखास. बोळा काढला की अर्धं काम होतं.

तिसरं, ऑक्सिजनचा मास्क. त्याचं इलॅस्टिक कानावरून जातं आणि कानामागचं यंत्र त्यात अडकून निघतं. निघालं की चादरीत, चादर गेली की धुलाईला. सीटीला नेताना यंत्र काढतात तेव्हाही तसंच. टिश्यूत गुंडाळून उशाशी ठेवलेलं यंत्र मावशींनी कचरा समजून टाकल्याचं पाहिलंय, आणि त्यात मावशींची चूक नाही. आमच्याकडे आता लघवी तपासायला देतो ती झाकणाची नवी कोरी डबी घेतो, त्यावर पेशंटच्या नावाचं स्टिकर लावतो आणि यंत्र त्यात. एमआरआयच्या खोलीत मात्र यंत्र न्यायचंच नाही, आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेलं यंत्र) असेल तर एमआरआय ठरायच्या आधी सांगायचं.

घाटावरचा

ओरडून बोललं की काम होतं. आमचे आजोबा तसेच होते. एवढा काथ्याकूट कशाला?

श्रवणयंत्रवाली

घाटावरचा, तुमच्या आजोबांच्या कानाच्या पडद्यात किंवा मधल्या कानात दोष असेल तर मोठ्याने बोलून भागलं असेल. पण म्हातारपणामुळे येतो तो बहिरेपणा वेगळा. (मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, रोज हेच काम.)

त्यात आतल्या कानाच्या शंखातल्या, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. स, श, च, ट, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. म्हणून ही माणसं म्हणतात, "आवाज येतो पण कळत नाही." कॅज्युअल्टीत याचा अर्थ असा, की सात, साठ आणि आठ एकसारखे ऐकू येतात, आणि "पोटात दुखतंय का?"चं "बोटात" होतं. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात. वर या कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, मधली पट्टी फार अरुंद. आजोबा दचकतात आणि "ओरडू नकोस" म्हणतात ते यामुळे. शिवाय ओरडताना आपला चेहरा रागावलेला दिसतो. घाबरलेल्या माणसाला तेवढंच दिसतं.

आवाज थोडासाच चढवा, वेग कमी करा, वाक्य लहान ठेवा. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य चारदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

गोंगाटाचं म्हणाल तर, रात्री वॉर्डात ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. भरलेल्या कॅज्युअल्टीत मॉनिटरचे बीप, ट्रॉल्या, नातेवाइकांचे फोन मिळून गोंगाटच तेवढा किंवा जास्त. तरुण कान त्यातून बोलणं वेगळं काढतो, हा कान काढू शकत नाही. त्यात मास्क. साधा सर्जिकल मास्क उंच पट्टीचे आवाज ३-४ डेसिबलने कमी करतो, एन-९५ तर १२ पर्यंत. ओठ झाकले जातात ते वेगळंच.

घाटावरचा

ओके. हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

डॉ_खटपट्या

कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर म्हणून दुसरी बाजू मांडतो. एकीकडे अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवायची केस), दुसरीकडे छातीत दुखणारा पेशंट, दारात रुग्णवाहिका. अशा वेळी "शांतपणे, समोर बसून, ओठ दिसतील असं बोला" हे ऐकायला छान वाटतं.

तरीही धागाकर्तीचा मुद्दा शंभर टक्के पटतो. का, ते सांगतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध आम्ही ग्लासगो स्केलवर मोजतो. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. आता तुमचे काका घ्या. डोळे उघडे आहेत, ४. उत्तरं असंबद्ध, म्हणजे बोलण्याचे ४. "हात वर करा" ऐकू आलं नाही म्हणून केला नाही, म्हणजे हालचालीचे फार तर ५. झाले १३. ठणठणीत शुद्धीतला माणूस कागदावर मेंदूला इजा झालेला ठरला. पासष्टीच्या वर डोक्याला मार असेल तर सीटी आम्ही करतोच, ते ठीक. खरा घोळ पुढे. तासाने दुसऱ्या डॉक्टरने तपासलं आणि आकडा बदलला, तर तो पेशंट बदलला म्हणून की तपासणारा मोठ्याने बोलला म्हणून?

उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. "ऐकू येत नाही हो त्यांना" असं म्हणून खरा गोंधळ दुर्लक्षिला जातो. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी, अर्धांगवायूची सुरुवात, यांत माणूस अचानक बरळायला लागतो. अर्धांगवायूत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तिथे बहिरेपणाच्या नावाखाली तासभर घालवणं परवडत नाही.

मी काय करतो: आज्ञा तोंडी देतोच, शिवाय स्वतः करून दाखवतो. हात वर करून दाखवला, दात दाखवले, जीभ बाहेर काढली. बघून त्याने केलं तर समज शाबूत आहे. आणि घरच्यांना एकच प्रश्न विचारतो, "कालपर्यंत हे असेच होते का?"

निवांत_नाना

मी स्वतः पेशंटच्या बाजूचा. वय ७६, दोन्ही कानांत यंत्रं. डॉक्टरांचं वाचून बरं वाटलं, पण एक तक्रार आहे.

माझ्या देखत माझ्याबद्दल मुलाशी बोलू नका. गेल्या पावसाळ्यात धाप लागली म्हणून नेलं होतं. यंत्रं कानात, चालू. तरी सगळे प्रश्न मुलाला. "यांना शौचाला होतं का?" मुलगा म्हणाला, होतं. त्याला काय ठाऊक? तो पुण्यात राहतो, मी चिपळूणला. औषधांची नावंही अंदाजाने सांगितली, त्यात एक गोळी वर्षापूर्वी बंद झालेली होती. मी बोलायला गेलो तर "आजोबा, तुम्ही पडून राहा."

दुसरं, पडद्याच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रोस्टेटचे प्रश्न. मग माणूस "काही नाही, सगळं ठीक" म्हणून मोकळा होतो. लिहून विचारा की. मला वाचता येतं.

दुर्वा

नाना +१. आईच्या वेळी हेच. बायकांचं अजून अवघड. लघवीवर ताबा नाही, हे आई मला घरात कुजबुजून सांगते, ती तिथे मोठ्याने कशी सांगेल?

सिस्टर_नाइट_ड्युटी

नाना, तक्रार रास्त आहे. यावर एक जुनी युक्ती आहे, खर्च शून्य. स्टेथोस्कोप उलटा वापरायचा. कानात घालायची टोकं स्पिरिटने पुसून पेशंटच्या कानात हलकेच बसवायची आणि छातीला लावायच्या चकतीजवळ तोंड नेऊन *हळू* बोलायचं. अगदी कुजबुजल्यासारखं चालतं. पलीकडच्या कॉटला कळत नाही आणि आजोबांना नीट ऐकू येतं. चकतीवर बोट आपटू नका आणि ओरडू तर मुळीच नका, ते थेट कानाच्या पडद्यावर जातं. पहिल्यांदा केलं की बहुतेक आजी हसतात. "मीच डॉक्टर झाले की गं!" असंही ऐकलंय.

श्रवणयंत्रवाली

स्टेथोस्कोपची युक्ती सौम्य ते मध्यम बहिरेपणात छान चालते, तीव्र असेल तर नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे खिशात मावणारा अ‍ॅम्प्लिफायर. छोटी डबी, एक माइक, वायरचा हेडफोन. डॉक्टर माइकजवळ बोलतो, पेशंटला थेट कानात. हे श्रवणयंत्र नाही, प्रत्येकाच्या कानाप्रमाणे जुळवलेलं नसतं, पण एका संभाषणापुरतं पुष्कळ. अमेरिकेत शॅरन इनौये यांनी येल विद्यापीठात वृद्ध रुग्णांमधला डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) टाळण्यासाठी एक पद्धत बसवली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नाहीच त्यात. वेळेवर झोप, पाणी, चालणं, चष्मा, आणि कानासाठी असा अ‍ॅम्प्लिफायर व मळ काढणं. डिलिरियमचं प्रमाण लक्षणीय कमी झालं. म्हणजे ऐकू येणं हा उपचाराचाच भाग आहे, सौजन्याचा नाही.

एखाद्या मंडळाला कॅज्युअल्टीला काही भेट द्यायची असेल तर व्हीलचेअरवर नाव रंगवण्याऐवजी हे द्या.

दुर्वा

फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब कोणी वापरलंय का तिथे?

डॉ_खटपट्या

वापरतो. गूगलचं २०१९ पासून आहे, मराठी चालतं. बोललेलं मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतं. मात्र आमची कॅज्युअल्टी तळमजल्यावर मागच्या बाजूला, रेंजची बोंब. शिवाय औषधांच्या नावांची वाट लागते, डोस कधीच त्यावरून सांगू नये. त्यापेक्षा केसपेपरची मागची बाजू आणि जाड स्केचपेन. अक्षर मोठं आणि मराठीत. (डॉक्टरांचं अक्षर हा वेगळा धागा होईल, कृपया सुरू करू नका.)

चष्मा घरी राहिला असेल तर हेही निरुपयोगी. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, बोटं, खुणा.

शेजारधर्म

अवांतर होईल कदाचित. माझ्या सासूबाईंना परवापासून अचानक डाव्या कानाने ऐकू येत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो. वयामुळे असेल म्हणून सोमवारनंतर दाखवू म्हणतोय. चालेल ना?

श्रवणयंत्रवाली

नाही चालणार. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. वयाचा बहिरेपणा दोन्ही कानांत आणि वर्षानुवर्षं हळूहळू येतो. एका कानाचा, तीन दिवसांच्या आत आलेला बहिरेपणा ही स्वतःच इमर्जन्सी आहे. नुसता मळ असेल तर दहा मिनिटांत सुटेल. नसेल तर स्टेरॉइड सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितका फायदा, दोन आठवड्यांनंतर फार हाती लागत नाही. सोबत चेहरा वाकडा, बोलणं जड, चक्कर, तोल जाणं यातलं काही असेल तर सरळ कॅज्युअल्टी. मधुमेह असेल तर सांगा, स्टेरॉइडने साखर वाढते.

शेजारधर्म

बीपी, शुगर दोन्ही आहे. चक्कर नाही. निघतोय, धन्यवाद.

लंडनचा_लेले

इकडे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) आहे म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये २०१६ पासून नियमच आहे: पेशंटला संवादासाठी काय मदत लागते ते विचारायचं, नोंदवायचं, ठळक दिसेल असं ठेवायचं, पुढच्या विभागाला कळवायचं आणि ती मदत द्यायची. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात शनिवारी रात्री इथल्या ए अँड ई (म्हणजे कॅज्युअल्टी) मध्येही आजी कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर आणि यंत्राची बॅटरी संपलेली. पण "नोंदवायचं" हा भाग खरंच उपयोगी पडतो. एकदा फाइलवर आलं की प्रत्येक नव्या माणसाला नव्याने शोध लागत नाही.

नियमावली

भारतात कायदा नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २५: सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळाविरहित सोय आणि उपचारात प्राधान्य. गोम अशी, की या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर "ऐकण्यास कठीण" आणि ७० ला "बधिर". धाग्यातले बहुतेक काका-काकू ५० च्या आसपास असणार, म्हणजे प्रमाणपत्र नाही, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड नाही. ज्यांचं प्रमाण बसतं त्यांनी कार्ड जरूर काढावं.

यंत्रासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना उपकरणं मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना ३००० रुपये.

निवांत_नाना

३००० रुपयांत माझ्या यंत्राचं एक बटण येईल.

ओसरी

मंडळी, भरभरून लिहिलंत. मजकुराचा कच्चा खर्डा टाकते, तुटून पडा:

"मला कमी ऐकू येते. मी गोंधळलेला/गोंधळलेली नाही. उजव्या/डाव्या कानाने बरे ऐकू येते, त्या बाजूला उभे राहा. माझ्या चेहऱ्यासमोर, हळू आणि स्पष्ट बोला. ओरडू नका. न कळल्यास लिहून दाखवा. प्रश्न मला विचारा. माझे यंत्र: आहे/नाही. चालू औषधे: मागे पाहा."

हे कार्ड पाकिटात, आधार कार्डासोबत. एक प्रत फ्रिजवर.

डॉ_खटपट्या

"मी गोंधळलेला नाही" काढा. ज्या दिवशी खरंच गोंधळलेला असेल त्या दिवशी हे कार्ड आम्हाला फसवेल. त्याऐवजी "एरवी माझी स्मरणशक्ती चांगली आहे, रोजचे व्यवहार मी स्वतः करतो" असं लिहा. "एरवी" शब्द महत्त्वाचा. खाली तारीख हवी, आणि दर सहा महिन्यांनी नवं कार्ड. औषधांच्या जुन्या याद्यांनी घात होतो, नानांनी वर लिहिलंच आहे.

ओसरी

पटलं. बदलते.

सिस्टर_नाइट_ड्युटी

"समोर बोला" सोबत "खिडकीकडे किंवा दिव्याकडे पाठ करून उभे राहू नका" हेही घाला. चेहरा काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत.

श्रवणयंत्रवाली

बॅटरीचा नंबर लिहायला जागा ठेवा. पाकिटाच्या रंगावरून ओळखता येतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. पाकीट पिशवीत टाकून ठेवा, पण स्टिकर आधी काढू नका. ते काढलं की हवा लागून बॅटरी आपोआप उतरायला लागते. चार्जिंगवालं यंत्र असेल तर चार्जर पिशवीत. आणि यंत्रावरची लाल खूण उजवा कान, निळी डावा. नर्सिंगच्या मुलींना हे शिकवलेलंच नसतं, उलटी घातलेली यंत्रं शिट्ट्या मारत बसतात आणि सगळे म्हणतात बिघडलं.

सिस्टर_नाइट_ड्युटी

खरंय, मलाही एका पेशंटच्या नातीने सांगितलं होतं. लाल-निळं कार्डावर छापाच.

शेजारधर्म

दाखवून आलो. मळ नव्हता. ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) केला, गोळ्या सुरू केल्या, साखर रोज तपासायला सांगितलीय, गुरुवारी परत बोलावलंय. ओसरीताई, तुमच्या कार्डाची फाइल इथे टाकाल का? आमच्या सोसायटीतही वाटतो.

ओसरी

रविवारी संघाची बैठक आहे, त्यात पक्कं करून सोमवारी टाकते. अक्षराचा आकार किती ठेवू? नाना, तुम्हीच सांगा.

निवांत_नाना

चष्म्याशिवाय मला वाचता येईल एवढा. आणि लॅमिनेट करू नका, चकाकतं, ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही.